डावा उपाशी, उजवा तुडुंब

नळदुर्गच्या स्टँडवर मला निरोप द्यायला अर्धं गाव आलं होतं. उरलेलं अर्धं हायवेवर ट्रक आडवा झाल्यामुळं अडकलं, असं मी इथल्या लोकांना सांगतो. खरं म्हणजे आई होती, आबा होते आणि एक कुत्रं होतं, तेही आमचं नव्हतं. आईनं बॅगेत इतके पेढे कोंबले होते की कॅनडात उतरल्या उतरल्या दुकान टाकता आलं असतं. हैदराबादची एसटी लागली तशी ती म्हणाली, "न्हाय जमलं तर माघारी यायची लाज धरू नको." आबा म्हणजे हायवेच्या कडेला गॅरेजात जन्म गेलेला माणूस. पोरगं साता समुद्रापार निघालेलं, आणि हे मान कलती करून एसटीचं इंजिन ऐकत होते.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बूड न टेकणाऱ्यांनो, इथली थंडी काय सांगू? शिवी तोंडातनं निघते ती समोरच्यापर्यंत पोचायच्या आधी गोठून आपल्याच पायावर पडते. म्हणूनच इथली माणसं सभ्य असावीत. ज्या गावात मी आहे तिथं हिवाळ्यात रस्तेच नाहीत, स्नोमोबाईल आहेत: पुढं दोन पट्ट्या घसरायला, मागं रबराचा पट्टा ढकलायला, मध्ये बुलेटसारखी सीट. मी त्यांच्या वर्कशॉपात मेकॅनिक. मालकाचं नाव ग्लेन. आल्यापासून दर हिवाळ्यात मी त्याला सांगतो, हा माझा शेवटचा. तो मान हलवतो आणि माझ्या मापाचे नवे हातमोजे मागवतो.

यंदा रूथची गाडी आली. रूथ नर्स आहे. गोठलेल्या तळ्यावरून पलीकडच्या वस्तीवर जाते, आणि त्या दिवशी तिथं एक बाई अडली होती. गाडी टर्बोची, दोन सिलिंडरची, आणि उभ्या जागी इंजिन धापा टाकायचं: चढायचं, पडायचं, परत चढायचं. प्लग काढले. डावा खडूसारखा पांढरा, उजवा काजळी धरलेला. म्हणजे डाव्याला पेट्रोल कमी, हवा जास्त, उजव्याला उलटं. ग्लेनला म्हटलं, डाव्याची एकादशी आहे आणि त्याचा फराळ उजवा खातोय. एकादशी समजावण्यात अर्धी सकाळ गेली. त्यानं इंजेक्टर बदलले, लॅपटॉप जोडला. लॅपटॉप म्हणाला सगळं ठीक. असं इंजिन तळ्याच्या मधोमध तापलं तर पिस्टनला भोक पडणार. तिथं ना माणूस, ना फोनला रेंज, नुसता वारा.

मला वाटलं, डावा कुठून तरी चोरून हवा पितोय. मग काय, नळदुर्गी उपाय. पंक्चरवाला ट्यूबवर करतो तसं साबणाचं पाणी केलं, गाडी बाहेर उभी होती तिथंच हवेच्या सगळ्या रबरी नळ्यांवर ओतलं, क्लॅम्प आवळले आणि ॲक्सिलेटर दिला. चीर असेल तिथं फुगा यायला पाहिजे. एकही फुगा नाही. उलट इंजिन पिठाच्या गिरणीसारखं एका सुरात लागलं. ग्लेननं माझी पाठ थोपटली. मीही थोपटून घेतली, आणि आमच्याकडं साबणानं विमानं दुरुस्त करतात, असं सांगून टाकलं. रूथनं हेल्मेट चढवलं.

तेवढ्यात आबांचा व्हिडिओ कॉल. आमची सकाळ म्हणजे गावाकडं रात्र. गॅरेजचं शटर ओढलं की ते लावतात. मी फुशारकीनं फोन इंजिनापुढं धरला. त्यांनी मान कलती केली.

"आत्ता चालू केलंस व्हय?"

व्हय म्हटलं.

"मग तापू दे की. थंड इंजिन अन् नवा जावई, पयल्या दिवशी दोघं बी शानेच असत्यात."

मला राग आला. पण रूथला म्हटलं, बाई, एक कॉफी घ्या. तिनं घड्याळाकडं बघत घेतली. कॉफी निम्मी व्हायच्या आत डाव्या नळीखालून टप टप पाणी गळायला लागलं आणि इंजिन पुन्हा धापा टाकायला लागलं. माझं साबणाचं पाणी चिरेतच गोठून बसलं होतं! बर्फाचं ठिगळ, इंजिन तापलं तसं वितळलं. नळदुर्गच्या उन्हात वाढलेल्या माणसाला, पाण्याचं असं होतं, हे सुचणार कुठून?

भंगारातल्या गाडीची नळी काढून बसवली. इंजिन तापवलं, पुन्हा तापवलं, प्लग पाहिले: दोन्ही चहाच्या रंगाचे, म्हणजे दोघं पोटभर जेवलेले. रूथ गेली. तळ्यावर तिचा ठिपका होईपर्यंत मी काठावर उभा होतो. आबांनी फोन ठेवलाच नव्हता. मधूनमधून विचारत होते, "पोचली का ती बाई?" त्यांनी बर्फ फक्त कुल्फीच्या गाडीवर पाहिलेला, रूथचं नावही त्यांना धड घेता येत नव्हतं.

शेवटी मेसेज आला. रूथ पोचली होती, बाळही तिच्यासाठी थांबलं होतं. मी आबांना सांगितलं. गावी जातो तेव्हा मला चार दिवसांत इथली हुरहूर लागते, इथं आलो की तिथली. तेव्हा घर कुठलं, हे मला नकाशावर दाखवता येत नाही. जिथं आपलं माणूस पोचेपर्यंत कुणीतरी फोन धरून बसतं, तेवढंच मी आता घर म्हणतो.

"झ्याक झालं," आबा म्हणाले. मग मान कलती करून, "अन् तू रं? तू पोचला का न्हाय अजून?"

"आबा, आवाज तुटतोय तुमचा," मी म्हणालो.

आवाज खणखणीत येत होता. हे त्यांनाही ऐकू येत असणार.