डब्याला चिकटलेला खवला
मासळीच्या पिशवीतून बर्फाचं पाणी ठिबकलं, की माझ्या माळकरी सासऱ्यांची नव्वदच्या दशकातली गाडी आठवते. इंडिकेटर दिला की तिचे वायपर फिरायला लागायचे. बोईसरच्या दोन मिस्त्रींनी हात टेकले, म्हणून आम्ही ती जवळच्या दांडी गावाला, बोटींचं वायरिंग करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे नेली. त्याने पुढच्या सीटच्या पायाशी असलेला, दिवे-वायपर चालवणारा डबा काढला आणि पिनेला जीभ लावून खारटपणा चाखला. मग डब्याला चिकटलेला खवला नखाने सोडवून खिशात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. किनाऱ्यावरच्या नवापूरहून मासळी मीच त्या गाडीतून, पिशवी पुढच्या सीटच्या पायाशी ठेवून, गुपचूप आणली होती. "दर्याची हवा लागली, शेट," तो सासऱ्यांना म्हणाला, "डबा बदलू, बाकी काय नाय." भंगारातल्या गाडीचा डबा बसवताच वायपर निमूट झाले. दोष शोधणारे पुढे पुष्कळ भेटले. शोधलेला दोष गिळणारा तो एकच.