एल्क बेंडचे अण्णा

बसवनगुडीतल्या आमच्या कोपऱ्यावर अण्णांमुळे रोज एक तरी घोटाळा व्हायचा. अण्णा स्कूटरवरून निघाले की समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाला हँडलवरचं एक बोट उचलून दाखवायचे. मूठ तशीच, फक्त तर्जनी वर. रिकामा रिक्षावाला बिचारा करकचून ब्रेक दाबायचा, ‘एल्लिगे सार?’ म्हणून कुठे जायचंय ते विचारायचा, आणि अण्णा शांतपणे कन्नडमध्ये सांगायचे, की कुठंच नाही, ओळख दिली फक्त. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ. एकदा मी त्यांच्या मागे बसले होते. लाजेनं मान वर करता येईना.

“अहो अण्णा, हे बंगळूर आहे. इथे कोण कोणाला ओळखतं?”

“म्हणूनच उचलायचं की गं,” ते म्हणाले. “आमच्या गावात समोरून गाडी आली आणि बोट उचललं नाही, तर संध्याकाळपर्यंत चार घरांत चौकशी व्हायची, डॉक्टरचं काय बिनसलंय म्हणून.”

‘आमचं गाव’ म्हणजे निपाणी असेल असं मला बरेच दिवस वाटायचं. जन्म तिथलाच होता. पण अण्णांचं गाव म्हणजे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं एल्क बेंड. तरुणपणी दोन वर्षांसाठी म्हणून तिथे डॉक्टर होऊन गेले आणि म्हातारे होईपर्यंत राहिले. बायको तिथेच वारली. इकडे बंगळुरात मोठी बहीण, अक्का, अंथरुणाला खिळली, तिचं करायला कोणी नाही, म्हणून ते दवाखाना बंद करून परत आले. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, त्यांच्या खालच्या मजल्यावरची भाडेकरू. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. “काय पुणेकर, आज दुपारी झोपला नाहीत काय?” असं चिडवायचे आणि मीही रीतसर चिडायचे.

त्या मे महिन्यातल्या सकाळी मात्र मी खरोखरच चिडले होते. सात वाजले होते, माझी ऑफिसची मीटिंग सुरू होत होती आणि वर अण्णा बेंबीच्या देठापासून ओरडत होते. चांगलं सुनावायचं असं ठरवून मी जिना चढले. दारातच थबकले. अण्णा फोन कानाला लावून उभे होते, चेहरा पांढराफटक. लॅपटॉपवर हवामानाचा नकाशा उघडा होता आणि त्यावर एक लालभडक डाग इंचाइंचानं सरकत होता.

“उठ की रे म्हाताऱ्या! काय बघत बसलायस? खाली जा आधी! खाली!”

हे सगळं निपाणीच्या मराठीत. मला वाटलं, निपाणीच्या कोणा नातेवाइकावर ओरडतायत. अक्का पलंगावर हात जोडून बसल्या होत्या. तेवढ्यात फोनमधून एक जाड, खरखरीत आवाज आला, “ओरदू नको, चाल्लोय.” अण्णांनी डोळे मिटले. मग लाइन तुटली. अण्णा फोनकडे बघत राहिले, आणि मी मीटिंग विसरून त्यांच्याकडे. पाण्याचा ग्लास पुढे केला, त्यांना तो दिसलाच नाही. बऱ्याच वेळानं फोन वाजला. पलीकडून त्याच आवाजानं इंग्रजीत दोनच शब्द सांगितले, “जिवंत आहे.” अण्णा खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मग त्यांनी मला टेबलावर गाव मांडून दाखवलं. अक्कांची जपमाळ म्हणजे नदी, तिच्या वळणावर कॉफीचा पेला ठेवला, ती धान्याची उंच कोठारं. “रेल्वे आली म्हणून गाव बसलं. रेल्वे उठली तसं निम्मं गाव उठलं. शाळा गेली, बँक गेली. उरलं काय? ही कोठारं, एक चर्च, डोरोथीची खानावळ आणि हट्टी माणसं.” मीठदाणी उचलून त्यांनी पार टेबलाच्या कडेला ठेवली. “हा वॉल्टर. वादळ नैऋत्येकडून येतंय, पहिलं घर ह्याचं. गावाचा भोंगा तिथवर ऐकू येत नाही.”

म्हणून एल्क बेंडची एक रीत होती. वादळाचा इशारा आला की डोरोथीनं पहिला फोन करायचा, आणि मग प्रत्येकानं आपापल्या एका माणसाला फोन करून तळघरात धाडायचं. अण्णांचा माणूस वॉल्टर. दवाखान्यातला त्यांचा पहिला पेशंटही तोच. यंत्रात सापडलेला हात फडक्यात गुंडाळून आला होता आणि टाके घालून होईपर्यंत ह्या परदेशी डॉक्टरकडे संशयानं बघत होता. पुढच्या आठवड्यात दारात पोतंभर मक्याची कणसं आली. अण्णा भारतात निघाले तेव्हा गावानं वॉल्टर दुसऱ्या कोणाला द्यायचं ठरवलं. अण्णा भर चर्चमध्ये म्हणाले होते, “वॉल्टर माझा आहे. फोन काय, कुठूनही करता येतो.”

“पण मराठीत का?” मी विचारलं.

वॉल्टर लहान असताना वादळात घर कोसळलं होतं. तो तळघरात अडकला, आणि शेजारी धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून त्या पायऱ्या त्याला नकोत. वादळ आलं की व्हरांड्यात खुर्ची टाकून समोर बघत बसतो. “इंग्रजीत समजावून समजावून मी दमलो. एकदा संताप आला आणि तोंडातून मराठीच निघालं. तर हा हसला आणि उठला! आयुष्यात मी एकाच माणसाला मराठी शिकवलं बघ. तेही एकच वाक्य.”

अण्णा या हिवाळ्यात गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. डोरोथीला मीच कळवलं. त्यांच्या चर्चमध्ये अण्णांसाठी घंटा वाजवली म्हणे.

मग उन्हाळा आला. एका सकाळी वरून अक्कांची काठी जमिनीवर दणादण आपटायला लागली. धावत गेले. अण्णांचा फोन वाजत होता. डोरोथी होती, आणि तिला दम लागला होता. “वॉल्टर व्हरांड्यात बसलाय. माझं ऐकत नाही. रस्ता बंद आहे, कोणी जाऊ शकत नाही. ह्या नंबरवरून फोन आला तर कदाचित…”

मी त्याच फोनवरून वॉल्टरला फोन लावला. पलीकडे वाऱ्याचा असा आवाज, की शब्द ओढून नेत होता. मी माझ्या ऑफिसच्या इंग्रजीत सांगितलं, सर, कृपा करून खाली जा. विनवण्या केल्या. तो ऐकून घेत होता.

“पोरी, तू भली आहेस,” तो शेवटी इंग्रजीत म्हणाला. “पण डॉक्टर गेला. आता मला ओरडणारं कोणी राहिलं नाही.”

मला भयंकर राग आला. वॉल्टरचा, वादळाचा, न सांगता निघून गेलेल्या अण्णांचा.

“उठ की रे म्हाताऱ्या!” मी किंचाळले. “काय बघत बसलायस? खाली जा आधी! खाली!”

नुसता वारा. अक्कांनी माझी ओढणी घट्ट धरली होती. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“ओरदू नको,” तो जाड आवाज म्हणाला, “चाल्लोय.”

लाकडी दार आपटलं आणि लाइन तुटली.

मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली दूधवाला, फुलवाली, सगळं रोजच्यासारखं चाललं होतं आणि मला ते असह्य होत होतं. कोपऱ्यावरचा एक रिक्षावाला वळताना वर बघून गेला. हँडलवरची मूठ तशीच, एक बोट वर. मीही बोट उचललं. तेवढ्यात हातातला फोन वाजला.

“व्हरांडा गेला,” वॉल्टर म्हणाला. “खुर्चीपण गेली.” मग त्यानं बजावलं,

“पुढच्या वेळी जरा लवकर ओरड.”