वंदनाच्या गाडीतलं तेल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला तर मुळीच नाही, कारण गोष्ट तिच्याच धाकट्या बहिणीची आहे. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या सोयऱ्यांतले नाही, एवढंच कारण समजा.

गुडीहत्नूरला हायवेवर माझं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, जीप, कधी वाटेत अडलेला ट्रक. सासर बाजारहत्नूरचं. दोन मुली, दोन जावई, आणि त्यातला मी थोरला. बरीच वर्षं तर एकटाच होतो, म्हणून लाड सगळे माझेच झाले. मग अविनाश आला. उटनूरला बँकेत नोकरी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढलेला नाही. साडू-साडूंचं नातं तुम्हाला ठाऊकच आहे — वरून गोड, आणि नजर एकमेकांच्या ताटात. माझी तर सारखी तिथेच असायची.

अविनाशची बायको वंदना; तिचा डावा पाय लहानपणापासून अधू. क्लच दाबणं तिला जमणारच नव्हतं. ती नार्नूरच्या शाळेत शिकवते; रोज बस नाहीतर दाटीवाटीनं भरलेला ऑटो, आणि त्यातून उतरताना कुणाचा तरी हात धरायचा. अविनाशनं तिच्यासाठी ऑटोमॅटिक गाडी आणली. जुनीच होती, पण क्लच नाही. एका उजव्या पायावर चालते. महिन्याभरात वंदना ती चालवायला शिकली. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता ना? मला मात्र वाटलं — आता सासरी गाडीतलं शहाणपण यांच्याकडे गेलं.

त्या वर्षी अधिकमास होता. आमच्याकडे अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण असतं. मी पाटावर बसलो होतो, कपाळाला कुंकू लागलं होतं, सासूबाई निरांजन घेऊन ओवाळायला समोर उभ्या होत्या. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. वंदना स्वतः चालवत आली होती! सासूबाई हातातलं तबक घेऊन तशाच बाहेर धावल्या. माझ्यासाठी लावलेलं निरांजन आधी गाडीला ओवाळलं गेलं. "माही पोरगी आली वं, सोताच्या हातानं गाडी आणली!" म्हणत त्या रडत होत्या. सगळी गल्ली जमली. मी आत पाटावर एकटाच, डोक्यावर टोपी घालून.

हसू येतं ना? मला नाही आलं. थोरल्या जावयानं एका निरांजनासाठी रुसावं, ही लाज वेगळीच.

जेवणं झाल्यावर अविनाश म्हणाला, "भाऊ, गिअरचं आईल तेवढं पाहून देता का? आमाले त्यातलं काई समजत नाई." तुम्हीच पाहा — त्यानं माझा मानच ठेवला होता. मला ते तेव्हाही कळलं. म्हणून आणखीच चिडलो.

मी पाहिलं, अगदी रीतसर. गाडी सपाट जागेवर घेतली, थोडी फिरवून गरम केली, इंजिन चालूच ठेवून लिव्हर सगळ्या जागांवरून नेऊन परत पार्किंगला आणली. मग तेल मोजायची काडी काढली, पुसली, परत घालून काढली. हे तेल स्वच्छ लाल हवं. ते काळपट होतं, काढ्यासारखं, आणि नाकाशी नेलं तर करपलेला वास. शिवाय कमी. कोणतं तेल घालायचं तेही काडीवर कोरलेलं होतं, कारण लाल दिसलं म्हणून कुठलंही चालत नाही. ज्या गिअरबॉक्सला जे सांगितलंय तेच लागतं. मी ते वाचलं.

वाचलं — आणि माझ्या जीपमधला ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगच्या तेलाचा डबा आणला. त्यातलंही तेल लालच होतं. सगळ्यांच्या देखत ते ओतलं, हात पुसले आणि म्हणालो, "एक नंबर आहे. दोन वर्षं हातही लावू नका."

मला काय हवं होतं? गाडी कुठंतरी बंद पडावी, अविनाशचं थोडं हसं व्हावं, आणि सासऱ्यांनी म्हणावं, थोरल्याला विचारायला हवं होतं. गाडीत कोण बसतं, हे माझ्या ध्यानात नव्हतं असं म्हणू? खोटं होईल. होतं.

पावसाळा सरता सरता वंदनाचा फोन आला. नार्नूरच्या रस्त्यावर, चढावर. "भाऊजी, गाडी नुसती ओरडून राह्यली, पुढं जातच नाई." मी गेलो. ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसली होती; शाळेची पोरं भोवती उभी राहून बघत होती. गाडी ओढून गॅरेजला आणली, गिअरबॉक्स खोलला. आतल्या प्लेटा जळून कोळसा झाल्या होत्या.

अविनाशनं विचारलं, "काऊन झालं असं?"

मी तोंड उघडायच्या आत वंदनाच बोलली. "माहंच चुकलं असन. हा डावा पाय नकळत ब्रेकवर राहत असन."

तो पाय ब्रेकजवळ जातसुद्धा नव्हता. ती तो बाजूला दुमडून ठेवायची, मी पाहिलं होतं. तेव्हा एक वाक्य पुरेसं होतं. मी म्हणालो, "असू शकते. पाय राहिला की असं होते."

ती पायाकडे बघत राहिली.

दुरुस्ती झेपणारी नव्हती. गाडी भंगारात गेली. पुढे अविनाशनं दुसरी घेतली, गिअरची, आणि ती तोच चालवतो. कुणी वंदनाला म्हटलं, दुसरी ऑटोमॅटिक घ्या ना, तर ती हात जोडते. त्यानंतर माझं ताट सासरी पुन्हा पहिलं लागतं. सासूबाई म्हणतात, "गाडीचं काई असलं तं थोरल्या जवाईबापूलेच इचारा."

परवा वंदना घरी आली होती, ऑटोतून उतरून, माझ्या बायकोचा हात धरून. माझी मुलगी सध्या गाडी शिकते आहे. तिनं विचारलं, "मावशी, तू चालवायचीस ना?"

"नाई बाई," वंदना हसून म्हणाली, "मले कधी येतच नव्हती."

येत होती. चांगली येत होती. मी तिथंच उभा होतो, आणि मी पोरीला म्हणालो, "मावशीले पाणी आण."