चित्रमेळ्याचं पदक आणि डावखुरी पंगत

भर रस्त्यात दोन बांबूंना बांधलेल्या पडद्यावर मी बादलीने पाणी मारत होतो, आणि दोन दरबारांचे दोन फडणीस मला एकच प्रश्न विचारत होते. पडद्याचं तोंड कुणाकडे?

देवासात तेव्हा संस्थानं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची एक कड यांची, दुसरी त्यांची. दसऱ्यानंतरचा चित्रमेळा मात्र दोघांचा मिळून. आम्ही बायस्कोपवाले आपापलं मशीन आणि फिल्म घेऊन जायचो. दोन्ही फडणीस एकमताने एकाला चांदीचं पदक द्यायचे, आणि पदकवाला पुढचं वर्षभर दोन्ही दरबारांचा ऑपरेटर. त्या जागेच्या भरवशावर, सासऱ्यांचं न ऐकता, मी धारच्या शाळेतली मास्तरकी आधीच सोडून बसलो होतो. बाजारात तुरी, तशातली गत.

आदल्या वर्षी मेळा थोरलीच्या मैदानात झाला म्हणून धाकटी रुसली होती. यंदा पडदा रस्त्याच्या मधोमध टांगायचा, ही अक्कल माझी. पडदा ओला केला की उजेड आरपार जातो आणि मागूनही चित्र दिसतं. "मागची बाजू अशी नसतेच," मी दोघांना ठणकावून सांगितलं. मी स्वतः कधी पडद्यामागे बसलो नव्हतो.

माझी फिल्म होती धारच्या एका मुंजीच्या पंगतीची. फिल्मला ऊन लागतं, म्हणून मी वीस ब्राह्मणांना भर दुपारी अंगणात बसवलं होतं. श्रीखंडाचं पाणी झालं, पण चित्र झकास आलं. पहिल्याच पानावर धाकटीच्या फडणिसांचे सख्खे मामा होते, मोठे वैदिक. पदक खिशात आलं असं मी धरूनच चाललो होतो.

दिवेलागणीला हँडल फिरवायला लागलो. माझं मशीन थोरलीच्या बाजूला. तिथून वाहवा आली. पलीकडे मात्र कुजबुज सुरू झाली. मग धाकटीचे फडणीस पडद्याला वळसा घालून माझ्यापाशी आले.

"मास्तर, आमचे मामा डाव्या हाताने जेवताहेत."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"आणि जानवं उजव्या खांद्यावर आहे सगळ्यांचं. श्राद्ध कुणाचं आहे?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मागून बघणाऱ्याला चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. जानवं उजव्या खांद्यावर घेतात ते पितरांच्या कार्यात. मुंजीच्या पंगतीचं मी धाकटीसाठी श्राद्ध करून टाकलं होतं.

इथे गप्प बसलो असतो तर निम्मी अब्रू तरी वाचली असती. पण मी हाडाचा मास्तर. म्हटलं, काळजी नको, फिल्मची बाजू पालटून पुन्हा दाखवतो, तुम्हाला सगळं सव्य दिसेल. तसं केलं. धाकटीला मामा उजव्या हाताने जेवताना दिसले आणि त्या बाजूला समाधान पसरलं. थोरलीची मंडळी मात्र जागची उठली नव्हती. आता तीच पंगत त्यांच्याकडे डावखुरी झाली. त्यांचे फडणीस शांतपणे उभे राहिले.

"आमच्याकडे तर कुणी गेलेलं नाही, मास्तर."

दोन्ही पात्यांचं कशावरही लवकर एकमत होत नसे. माझ्या बाबतीत ते जागच्या जागी झालं. मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त सासऱ्यांची भीती वाटली.

पदक कन्नौदच्या रामलालने नेलं. त्याची फिल्म म्हणजे समोर उभा राहून अंगावर पाणी उडवणारा हत्ती, दुसरं काही नाही. मी विचारलं, तुला पडद्याचं हे आधीच ठाऊक होतं का? तो म्हणाला, "भिया, हाथी की सूंड तो बीच में रे. इनी बाजू से देखो के उनी बाजू से."

हेडमास्तरांनी मला परत घेतलं, पण अगदी खालचा, बिगरीचा वर्ग देऊन. पुढे कितीतरी वर्षं त्या मेळ्यात पदक जनावरांनाच मिळत गेलं. हत्तीनंतर उंट, उंटानंतर बैल. चौथ्या वर्षी मलाही मिळालं, तळ्यात डुंबणाऱ्या म्हशीबद्दल. सासरेबुवा ते पाहुण्यांना दाखवत, कशाबद्दल मिळालं ते सांगत नसत.

या धंद्यात नवा कुणी आला की मी त्याला लेन्स, रील, हँडल काही शिकवत नाही. आधी पडद्यामागे जाऊन बस म्हणतो.