गणपतीने घेतलेलं रानफूल

मुलांनो, तिकडे तुमच्या थंडीच्या परदेशात गावच्या माळावर आपोआप माजणारं ते पिवळं फूल सिंगापुरात येणार नाही, असं तुमच्या ताईने मला फोनवर बजावलं होतं. "आजी, इट्स टू वेट देअर." नातीने आजीला बागकाम शिकवावं, याहून मोठं भाग्य कोणतं? "फुलाचा फोटो पाठवीन," असा शब्द मी दिला, परदेशातून बी आणायच्या परवानगीचे सगळे अर्ज स्वतः भरले, बी मागवलं आणि कामाला लागले.

इथल्या तोआ पायोह वस्तीतल्या आमच्या फ्लॅटपुढचा कॉरिडॉर पश्चिमेचा. वर छत असल्याने पाऊस आत येत नाही. ऊन मात्र पापड वाळवावेत असं. माझी बाग म्हणजे तिथली एक कुंडी. मातीत निम्मी वाळू, पाणी आठवड्यातून एकदा, तेही मापाने.

पहिलं वर्षभर त्याने नुसती पानं दाखवली, केसाळ, मातीला चिकटलेली. फूल दुसऱ्या वर्षी, आणि तेही मधे थंडी मिळाली तर. सिंगापुरात थंडी ऑफिसात मिळते नाहीतर फ्रिजमध्ये. ऑफिसातून मी केव्हाच निवृत्त झाले, म्हणून कुंडी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गेली. दोन महिने.

"अगं, भाजी मातीसकट आणायची पद्धत कधीपासून?" तुमच्या आजोबांनी विचारलं.

"झाड आहे ते. हिवाळ्याला गेलंय."

"मग मलाही पाठव."

कुंडी बाहेर आली, काही आठवड्यांनी दांडा वर आला, कळी धरली. एका शनिवारी संध्याकाळी फूल जवळजवळ पूर्ण उमललं होतं. सकाळच्या उजेडात फोटो काढायचा म्हणून मी फोन चार्ज करून ठेवला.

सकाळी बाहेर आले तर नुसता दांडा. फूल देवघरात, गणपतीच्या मस्तकावर.

"अहो, हे काय केलंत?"

"पहिलं फूल देवाचं. एवढंही विसरलीस?"

"दोन वर्षं राबले ती मी!"

"मग पुण्य तुझंच की."

असं घरपोच पुण्य मिळायला नशीब लागतं.

शब्द दिला होता, म्हणून तसाच फोटो पाठवला, गणपतीसकट. ताईचं उत्तर लगेच आलं, "आजी, इज इट प्लास्टिक?"

दांड्यावर खाली आणखी एक कळी आहे. आजोबा आंघोळीला गेले की मी कुंडीपाशी खुर्ची टाकते आणि त्यांची पूजा आटोपेपर्यंत उठत नाही. ते हल्ली बाजारातून जास्वंद आणतात, आणि माझ्यासमोरून जाताना पिशवी मुद्दाम वाजवतात.