सहावा रकाना

मंगळवार, १४ मार्च. सकाळी स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त झाला. नळवाल्याने वायसर बदलला. जाताना म्हणाला, पक्षाच्या कार्यालयाने सभासदांचे मूळ रजिस्टर शनिवारपर्यंत मागितले आहे. शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईला काल सांगितले, उद्यापासून कामावर येऊ नको. आमच्या यादीत ती सातवी. दुपारी जेवण गेले नाही.

मी घाबरले होते हे त्या नोंदीत लिहिलेले नाही, पण शेवटच्या दोन ओळी रेघ सोडून खाली उतरल्या आहेत. माझ्या वहीत असे सहसा होत नाही.

नळवाला सेहेचाळीस वर्षांचा. अंगाने दांडगा, आवाज मात्र आजाऱ्याच्या खोलीत बोलावे तसा. माझे यजमान गेले त्या वर्षी न्हाणीघरातला पाईप फुटला, तेव्हापासून तो आमच्याकडे येतो. काम करताना पाईपाची समजूत काढतो, “थांब रे बाबा, झालंच आता.” दोन वर्षांपूर्वी आमच्या तीन गल्ल्यांना अकरा आठवडे गढूळ पाणी आले. त्याने अर्ज केले, बाटल्या भरभरून नगरपालिकेतल्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. कोणी ढुंकून पाहिले नाही. तरण्या पोरांचे म्हणणे पडले की नवा पक्ष काढू. हा म्हणाला, “बाहेरून पाईप ठोकून काय होणार? व्हॉल्व्ह आत आहे. जुन्याच पक्षात शिरू.”

त्याची बायको शिवणकाम करते. मशीन न थांबवता म्हणाली, “शिरा. पण गटारात उतरलेला माणूस कोरडा वर आलेला मी तरी पाहिला नाही.”

पक्षाच्या वॉर्ड शाखेत दर तीन वर्षांनी अध्यक्ष निवडायचा आणि प्रत्येक सभासदाला मत, असा नियम होता. तो कोणी वाचलाच नव्हता. एकोणीस वर्षे एकच गृहस्थ अध्यक्ष; ते आणि त्यांचे चुलतभाऊ चहा पिऊन बिनविरोध ठरवत. नळवाल्याने नियम वाचला आणि घरोघर जाऊन दोनशे बारा सभासद केले, सगळे खरे, सगळे स्वतः सही करणारे. रजिस्टर लिहायला मला बसवले, अक्षर बरे म्हणून. पक्षाच्या नमुन्यात पाच रकाने होते : क्रमांक, नाव, पत्ता, फोन, सही. मी सहावा आखला : कामाचे ठिकाण. कोणी सांगितले नव्हते. मी शिकले त्या मिशनच्या शाळेत सिस्टर अर्धवट तक्त्याला शून्य मार्क देत, ती सवय हाताला राहिली.

पहिल्या चाळीस नावांची झेरॉक्स अर्जासोबत कार्यालयात गेली होती. झाडूवाल्या बाईचे नाव त्यातच होते.

“कोण कुठे राबतं ते आपणच लिहून दिलं, मावशी,” नळवाला त्या मंगळवारी म्हणाला. तो ‘तुम्ही’ म्हणू शकला असता.

रजिस्टर दिले नाही तर रविवारच्या अध्यक्ष-निवडणुकीत आमच्या एकाही माणसाला मत नाही. दिले तर उरलेल्या एकशे बहात्तर जणांची कामाची ठिकाणेही त्यांच्या हातात.

“हरवलं म्हणून सांग,” मी म्हटले.

“मग आपल्यात नि त्यांच्यात फरक काय?”

“नसू दे फरक. कोणाच्या पोटावर पाय तरी येणार नाही.”

तो पान्हा पुसत बसून राहिला. मग म्हणाला, “नावं त्यांची आहेत. त्यांनाच विचारतो.”

तीन दिवस तो दारोदार फिरला. नाव ठेवू की काढू, एवढेच विचारायचा. मी घरात फोन वाजला की दचकत होते. गुरुवारी दुपारी एकदा उचलला. पुरुषाचा आवाज, अगदी अदबशीर. “आजी, अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं,” म्हणाला आणि ठेवून दिला. मी दाराची कडी लावली. पुन्हा उठून पाहिली. मग खिडक्याही लावून घेतल्या आणि उकाड्यात बसून राहिले.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एक्याऐंशी नावे उरली. झाडूवालीने आपले नाव ठेवले. “आता माझं काय काढून घेणार आहेत?” म्हणाली. मी नवे रजिस्टर पाच रकान्यांचे केले. दोन पाने पुन्हा लिहावी लागली. जुने नळवाल्याने माझ्या न्हाणीघरात बादलीत भिजवले आणि लगदा होईपर्यंत कुस्करले. शनिवारी सकाळी सह्या झाल्या, दुपारी रजिस्टर गेले.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता तो आला, मागे बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. म्हणाला, दुपारच्या सभेत आमचे अठ्ठ्याहत्तर हात वर झाले, अध्यक्षांचे एकशे तीन.

“खुर्च्या भाड्याने आणाव्या लागल्या त्यांना, मावशी. आजवर कधी हात मोजले नव्हते.”

“खुर्च्या आणल्या म्हणून पाणी स्वच्छ येणार का?” बायको म्हणाली.

“नाही. पण तीन वर्षांनी पुन्हा मोजावं लागेल.”

“खरं काय ते सांगा त्यांना.”

शेवटी तिनेच सांगितले. सभा संपल्यावर अध्यक्षांनी याच्या खांद्यावर हात टाकला, हसून विचारले, “मुलीची बस सात दहाची ना?” बस कितीची आहे हे त्यांना घरच्या कोणी सांगितलेले नव्हते. यादीत तर मुलीचे नावही नाही.

मुलगी माझ्याकडे न बघता ओढणीचे टोक पिळत होती. मी म्हटले, या दोघी इथे राहू देत.

“तुम्हालाही त्रास होईल,” तो म्हणाला.

“होईल,” मी म्हटले. तो घर सांभाळायला परत गेला. जिन्यावरून त्याची पावले पूर्ण खाली उतरेपर्यंत आम्ही तिघी उभ्याच होतो.

रविवार, १९ मार्च. बाहेरच्या खोलीत दोन गाद्या घातल्या. जाड चादर एकच निघाली, ती मुलीला दिली.