बिजलीचं गाऱ्हाणं

आत्माराम गवसाला अंकिता डोळ्यांसमोर नको असायची. दोडामार्गाहून तो सर्वण गावच्या तबेल्यात मोतदार म्हणून आला, तेव्हापासून बिजली घोडीला पोटच्या पोरीसारखं त्यानंच वाढवलं. आणि ही अंकिता, मालकाची लेक! अडथळ्यावरची उडी हिची चुकायची आणि चाबूक घोडीवर पडायचा. वर त्यालाच दरडावायची, "ए गवस, काय शिकवलंयस हिला?" आत्माराम दातओठ खात घोडीच्या वळांवर हळद लावायचा.

घोडेस्वारीच्या राष्ट्रीय संघाच्या निवडीसाठी निघायच्या सकाळी मालकानं त्यालाच गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागणं मागायला सांगितलं, कारण त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सगळे जमले. आत्मारामनं जागेच्या राखणदार देवापुढे नारळ ठेवला आणि आवाज चढवला, "बा देवा, आमच्या बिजलीक देशाच्या टीमीत जागा गावांदे, तिचो लगाम बऱ्या हातात पडांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले.

निवड झाली. निवडणाऱ्यांनी घोडी घेतली आणि अंकिताला वगळलं. बिजलीवर आता दुसरीच मुलगी बसणार होती, आणि मालकानं जागच्या जागी मान डोलावली.

अंकिता तरातरा आत्मारामच्या अंगावर धावून आली. "गाऱ्हाण्यात मुद्दाम माझं नाव घेतलं नाहीस! माझं वाटोळं केलंस मेल्या!"

आत्मारामचा खरारा घोडीच्या पाठीवर फिरतच राहिला.

"बाय, ता मागणा माझ्या एकट्याचा नाय व्हता," तो म्हणाला. "सगळ्यांत मोठ्यान 'व्हय म्हाराजा' तुमीच म्हटलात."